मांडव उतरल्यावर

लग्नघरी मांडव उभा राहत असताना घरातील प्रत्येकाचे लक्ष त्या कामाकडे असते. खांब सरळ आहेत ना, छत वाऱ्याने उडणार नाही ना, तोरणे वेळेवर आली का, अशा चौकशा थोरांपासून पोरांपर्यंत सगळे करतात. मांडव उतरविण्याच्या दिवशी मात्र अंगणात कोणी नसते. पाहुणे परतलेले असतात, घरची माणसे थकलेली असतात, आणि मांडववाला आपले वासे व कनाती गाडीत भरून निघून जातो. मागे राहतात ते खांबांसाठी खणलेले खड्डे. ते कोणी बुजवायचे हे आधी ठरलेले नसते. म्हणून ते काम राहून जाते, आणि चार दिवसांनी अंधारात कोणाचा तरी पाय त्यांत मुरगळतो.

संगणकाच्या जगातही असे खड्डे असतात, हे मला आमच्या वाचनालयामुळे कळले. वाचनालय लहान आहे. त्याचे संकेतस्थळही लहानच. मी त्याच्या कार्यकारी मंडळात आहे. काही वर्षांपूर्वी एका उत्साही तरुण सभासदाने हे संकेतस्थळ उभे करून दिले. त्यावर सभासदत्वाचा अर्ज भरण्याची सोय होती: नाव, पत्ता, दूरध्वनी क्रमांक, जन्मतारीख. पुढे अर्ज कागदावरच घ्यावेत असे मंडळाने ठरविले, आणि ती सोय काढून टाकली. त्याच सुमारास एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी सभासदत्व सोडले व आपली माहिती आमच्या दप्तरातून काढून टाकावी, असे पत्राने कळविले. चिटणिसांनी सभ्यपणे उत्तर धाडले: ‘आपली माहिती काढून टाकली आहे.’ ते उत्तर मी वाचले होते, आणि त्यात खोटे काही आहे असे आम्हांपैकी कोणालाही वाटले नव्हते. वर्षभराने असे आढळले की, बाईंचे नाव, पत्ता, क्रमांक व जन्मतारीख हे सारे जसेच्या तसे सर्व्हरवर पडून होते. अर्जाची सोय गेली होती. अर्ज गेले नव्हते.

हे कसे घडले, ते आज सांगावयाचे आहे. आपल्यापैकी पुष्कळांचा आज संकेतस्थळाशी या ना त्या नात्याने संबंध येतो. शाळा, पतपेढ्या, नाट्यसंस्था, परप्रांतांतील महाराष्ट्र मंडळे, घरगुती फराळाचे व्यवसाय, सर्वांचीच संकेतस्थळे असतात, आणि ती सांभाळणारी माणसे बहुधा हौशी असतात. तेव्हा हा विषय केवळ तंत्रज्ञांचा राहिलेला नाही.

अशी लहान संकेतस्थळे बहुतकरून वर्डप्रेस या प्रणालीवर चालतात. मॅट मुलनवेग आणि माइक लिटल या दोघांनी २७ मे २००३ रोजी ती प्रथम प्रसिद्ध केली. पुढल्याच वर्षी, २००४ मध्ये, तिच्या १.२ या आवृत्तीत प्लगइनची सोय आली, आणि तीच तिच्या प्रसाराचे एक मोठे कारण ठरली. प्लगइन म्हणजे मूळ प्रणालीला बाहेरून जोडावयाचा तुकडा. अर्ज हवा असेल तर अर्जाचे प्लगइन, दुकान हवे असेल तर दुकानाचे, पहारा हवा असेल तर पहाऱ्याचे. मूळ घर तेच राहते; त्यापुढे गरजेप्रमाणे मांडव घालता येतो.

आता हा मांडव उतरविण्याच्या दोन पायऱ्या आहेत, आणि सामान्य माणूस त्या एकच समजतो. पहिली पायरी निष्क्रिय करण्याची. तीत प्लगइनचे काम थांबते, परंतु त्याच्या फाइली व त्याने साठविलेली माहिती जागच्या जागी राहते. हे हेतुपुरस्सरच आहे. काही बिघाड झाला तर तो कोणामुळे झाला हे शोधण्यासाठी प्लगइने तात्पुरती बंद करावी लागतात. प्रत्येक वेळी माहिती पुसली गेली तर रोगापेक्षा औषध जड व्हावे. दुसरी पायरी काढून टाकण्याची. तीत वर्डप्रेस प्रथम त्या प्लगइनला निरोप घेण्याची संधी देते. प्लगइनच्या लेखकाने ‘अनइन्स्टॉल’ नावाची फाइल लिहून ठेवली असेल, किंवा तसे एखादे कार्य नोंदविले असेल, तर ते आधी चालते आणि मगच फाइली पुसल्या जातात. ही व्यवस्था २००८ साली आलेल्या २.७ या आवृत्तीपासून आजच्या स्वरूपात आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वर्डप्रेस स्वतः पुसते ते फक्त प्लगइनच्या फोल्डरातील फाइली. त्याने डेटाबेसात काय काय लिहिले, हे वर्डप्रेसला ठाऊक नसते. ते ठाऊक असते एकट्या प्लगइनला. म्हणजे खड्डे कोठे कोठे खणले, हे फक्त मांडववाल्याला माहीत. आणि तो जाताना ते बुजवून गेला तर गेला, नाहीतर नाही.

तो ते बुजवीत नाही याची कारणे तीन. पहिले कारण आळस: लेखकाने निरोपाची फाइल लिहिलेलीच नसते. दुसरे कारण याच्या अगदी उलट, म्हणजे सावधगिरी. वूकॉमर्स या दुकानदारीच्या प्लगइनाचे उदाहरण घ्या. ते नेहमीच्या रीतीने काढून टाकले, तरी मालाची व मागण्यांची नोंद तशीच राहते. मुख्य विन्यास-फाइलीत सर्व माहिती पुसण्याची स्पष्ट आज्ञा मालकाने स्वतःच्या हाताने लिहिली असेल, तरच ती पुसली जाते. चुकून दाबलेल्या एका कळीने दुकानाच्या वह्या जळू नयेत, हा त्यामागचा विचार आहे, आणि तो योग्यच म्हटला पाहिजे. तिसरे कारण आपण स्वतः. कित्येक जण व्यवस्थापन-पटलावरून प्लगइन न काढता सर्व्हरवरचा त्याचा फोल्डरच उचलून टाकतात. मग निरोपाची फाइलही त्या फोल्डराबरोबर जाते, आणि ती चालण्याचा प्रसंगच येत नाही. आज्ञावलीच्या खिडकीतून काम करणारे जाणकारही येथे फसतात. कारण त्या साधनात प्लगइनसाठी ‘डिलीट’ आणि ‘अनइन्स्टॉल’ अशा दोन वेगळ्या आज्ञा आहेत. पहिली केवळ फाइली पुसते, दुसरी निरोपाचे कार्य चालवून मग पुसते. शब्द सारखे वाटतात. परिणाम सारखा नसतो.

आमच्या तरुण सभासदाने फोल्डरच उचलून टाकला होता. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्या दिवशी पटल फार मंद चालत होते आणि त्याला रात्रीची गाडी पकडावयाची होती.

मागे उरणाऱ्या गोष्टी कोठे सापडतात, ते आता पाहू. डेटाबेस म्हणजे अनेक तक्त्यांचा संग्रह. त्यातील ‘ऑप्शन्स’ नावाच्या तक्त्यात प्रत्येक प्लगइन आपल्या आवडीनिवडी लिहून ठेवते. यांतील पुष्कळ नोंदी अशा असतात की, कोणतेही पान उघडले तरी त्या आपोआप वाचल्या जातात. गेलेल्या प्लगइनच्या नोंदी उरल्या म्हणजे दर पानामागे तो निरुपयोगी बोजा वाहावा लागतो. २०२४ च्या ६.६ या आवृत्तीपासून वर्डप्रेसची ‘साइट हेल्थ’ तपासणी अशा आपोआप वाचल्या जाणाऱ्या नोंदींचा आकार ८ लक्ष बाइटांच्या पलीकडे गेला की इशारा देते. काही प्लगइने लेखांना व सभासदांना आपापल्या चिठ्ठ्या जोडतात. त्या ‘मेटा’ नावाच्या तक्त्यांत राहतात. काही प्लगइने स्वतःचे वेगळे तक्तेच निर्माण करतात. आमचे अर्ज होते ते अशाच एका तक्त्यात. काहींनी ठरावीक वेळी करावयाची कामे नोंदवून ठेवलेली असतात. प्लगइन गेले तरी ती नोंद दर तासाला किंवा दर दिवशी हाक मारीत राहते, आणि हाकेला ओ देणारे कोणी नसते.

डेटाबेसाच्या बाहेरही अवशेष असतात. पानांची तयार प्रत ठेवून गती वाढविणारी प्लगइने आपल्या फोल्डराच्या बाहेर, वर्डप्रेसच्या सामग्री-फोल्डरात, एक दोन फाइली ठेवतात. प्लगइन गेल्यावर ती बाहेरची फाइल उरली आणि तिने आतल्या, आता नसलेल्या फाइलीस हाक मारली, तर सगळे संकेतस्थळ आडवे होते. शेवटी, आपल्या लेखांतच त्यांच्या खुणा राहतात. चौकटी कंसात लिहिलेले जे संकेतशब्द असतात, त्यांचे प्लगइन असेपर्यंत त्यांच्या जागी अर्ज, नकाशा किंवा चित्रमाला दिसते. प्लगइन गेले की तो कंस वाचकापुढे उघडा पडतो. आमच्या ‘सभासद व्हा’ या पानावर कित्येक आठवडे अर्जाऐवजी असा एक अगम्य कंस झळकत होता, आणि आमच्यापैकी कोणीही ते पान उघडून पाहिले नव्हते.

अवशेषांविषयी इतके पुरे. आता त्रुटींकडे वळू. प्लगइनातील चुकीमुळे संकेतस्थळ बंद पडले, तर पूर्वी नुसते पांढरे पान दिसे. २०१९ च्या ५.२ या आवृत्तीपासून गंभीर त्रुटी उद्भवल्याची सूचना पानावर येते, आणि व्यवस्थापकाच्या ई-पत्त्यावर एक विशेष दुवा पाठविला जातो. त्या दुव्याने आत शिरले असता दोषी प्लगइन तेवढे थांबविलेले असते व दुरुस्ती करता येते. तो दुवा मिळाला नाही, तर सर्व्हरवर जाऊन त्या प्लगइनच्या फोल्डराचे नाव बदलावे. नाव बदलले म्हणजे वर्डप्रेसला ते सापडत नाही आणि ते निष्क्रिय होते. पुसले मात्र काही जात नाही. नेमके कारण शोधावयाचे तर विन्यास-फाइलीत त्रुटींची नोंद ठेवण्याची सोय तात्पुरती चालू करावी. नोंदवहीतील ओळीत फाइलीचा संपूर्ण मार्ग आणि ओळीचा क्रमांक असतो. मार्गातील फोल्डराचे नाव वाचले की गुन्हेगार बहुधा ओळखू येतो. काम झाल्यावर ती नोंदवही बंद करून पुसून टाकावी, कारण ती कित्येकदा बाहेरच्या माणसालाही वाचता येते.

परंतु एक त्रुटी अशी आहे की, जिच्यापुढे ही सारी साधने निष्प्रभ होतात. आम्हांला तिचाच अनुभव आला. पहाऱ्याची काही प्लगइने सर्व्हरला अशी सूचना लिहून ठेवतात की, कोणतेही पान चालविण्यापूर्वी माझी ही फाइल आधी चालव. ही सूचना वर्डप्रेसच्याही अगोदर वाचली जाते. आमच्या मित्राने पहाऱ्याच्या प्लगइनबरोबर ती बाहेरची फाइलही पुसली; सूचना मात्र राहिली. सर्व्हर नसलेली फाइल शोधू लागला आणि दारातच कोसळला. वर्डप्रेस जागेच झाले नाही, मग ते त्रुटीचे पत्र तरी कोठून पाठविणार? पुढे सूचनेची ओळ सापडली, ती काढली, तरीही संकेतस्थळ उठेना. तेव्हा घाबरून त्याने आणखी चार गोष्टी बदलल्या. वास्तविक पहिली दुरुस्तीच बरोबर होती. पीएचपी ही भाषा अशी सूचना एकदा वाचली की सामान्यतः ३०० सेकंद ध्यानात धरून ठेवते. पाच मिनिटे हात बांधून बसला असता तर पुढचे चार दिवसांचे काम वाचले असते. दुरुस्तीच्या कामात धीर हेही एक हत्यार आहे, ते असे.

ही फजिती टाळावयाची असेल तर कामाचा क्रम पाळला पाहिजे. सर्वप्रथम फाइली व डेटाबेस या दोहोंची प्रत घ्यावी, आणि ती सर्व्हरच्या बाहेर ठेवावी. मग त्या प्लगइनचा आधार दुसरे कोणी घेत नाही ना, हे पाहावे. २०२४ च्या ६.५ या आवृत्तीपासून, ज्यांनी आपले अवलंबित्व जाहीर केले आहे अशा प्लगइनांच्या बाबतीत वर्डप्रेस स्वतःच अडविते. परंतु सर्वच लेखक ते जाहीर करीत नाहीत. त्यानंतर प्लगइनच्या स्वतःच्या पटलावर जाऊन, जाताना माहिती पुसावी अशी निवड असल्यास ती करावी. त्याने बाहेर लिहिलेल्या सूचना काढण्याची सोय असल्यास तीही वापरावी. लेखांतील त्याचे कंस शोधून काढावेत. नंतर ते निष्क्रिय करावे आणि काही दिवस संकेतस्थळ पारखावे. सर्व ठीक असेल तर पटलावरूनच, फोल्डर न उचलता, ते काढून टाकावे. आणि शेवटी डेटाबेस उघडून काय उरले ते पाहावे.

या शेवटच्या पायरीवर हात जपून चालवावा. प्लगइने आपल्या नोंदींना व तक्त्यांना बहुधा नावाचे उपसर्ग लावतात, त्यांवरून त्या ओळखता येतात; परंतु एकाच लेखकाची दोन प्लगइने एकच उपसर्ग वापरू शकतात. तेव्हा नाव जुळले म्हणून पुसले, असे करू नये. त्याहून मोठा धोका नोंद हाताने सुधारण्यात आहे. वर्डप्रेस अनेक मूल्ये एका ओळीत गुंडाळून ठेवते, आणि प्रत्येक शब्दापुढे त्याची लांबी बाइटांत लिहिते. शब्द बदलला आणि लांबी बदलली नाही, तर सबंध ओळच वाचेनाशी होते. त्यातून आपली लिपी देवनागरी. ‘शाळा’ या शब्दात आपल्या डोळ्यांना दोन अक्षरे दिसतात. संगणक दोन व्यंजने व दोन काने अशी चार चिन्हे मोजतो, आणि प्रत्येकाला ३ बाइट धरून हिशेब १२ होतो. बोटांवर मोजणाऱ्या मराठी माणसाचा हिशेब येथे हमखास चुकतो. म्हणून पुसावयाची तर संपूर्ण नोंद पुसावी. तिच्या आत कातरकाम करू नये.

आता पुन्हा शिक्षिकाबाईंच्या पत्राकडे येतो. २०१८ मध्ये ४.९.६ या आवृत्तीत वर्डप्रेसने एखाद्या व्यक्तीची माहिती तिच्या ई-पत्त्यावरून शोधून पुसण्याचे साधन दिले. आम्हांला वाटले, ते वापरले की झाले. आम्ही ते वापरलेही. पण त्याला काही सापडले नाही. कारण हे साधन प्रत्येक प्लगइनला विचारते की, तुझ्याजवळ या व्यक्तीचे काही आहे काय, असल्यास पूस. ज्या प्लगइनने अर्ज घेतले होते ते तर आम्ही आधीच काढून टाकलेले. मग उत्तर कोण देणार? ‘काही सापडले नाही’ याचा अर्थ ‘काही नाही’ असा होत नाही. ज्याला विचारावयाचे तो साक्षीदारच आम्ही गावाबाहेर घालविला होता. म्हणून माहिती आधी पुसावी आणि प्लगइन नंतर काढावे. हा क्रम उलटला की पुसण्याचे काम दसपट कठीण होते.

आपल्या संसदेने २०२३ साली डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम संमत केला. ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपले, किंवा माणसाने आपली संमती परत घेतली, की ती माहिती पुसली पाहिजे, हे त्यातील एक तत्त्व आहे. अन्य कायद्याने ती ठेवणे आवश्यक असेल तेवढाच अपवाद. परंतु कायद्याचे नाव न घेताही ही गोष्ट समजण्यासारखी आहे. कोणी विश्वासाने आपला पत्ता लिहून दिला, तर तो तिचा आहे. आपण केवळ राखणदार. जुन्या प्रतींतही तो पत्ता असतो, म्हणून त्या प्रती किती दिवस ठेवावयाच्या हेही ठरवून ठेवले पाहिजे. आम्ही ते ठरविले नव्हते.

अखेर आम्ही तो तक्ता शोधला, दोघांनी मिळून तपासला आणि संपूर्ण पुसला. जुन्या प्रतीही नष्ट केल्या. मग मंडळाच्या बैठकीत प्रश्न निघाला की, बाईंना कळवावे की नाही. काही जण म्हणाले, आता माहिती गेली आहे, पूर्वीचे पत्र आपोआप खरे झाले, कशाला उकरून काढावयाचे? थोडा वेळ हा युक्तिवाद मलाही पटला होता. पण चिटणीस म्हणाले, ‘पत्र माझ्या सहीचे आहे.’ त्यांनी त्याच सायंकाळी दुसरे पत्र लिहिले: आपली माहिती पूर्वी पुसली गेली नव्हती, आज पुसली, चुकीबद्दल क्षमा असावी.

बाईंचे उत्तर चार ओळींचे होते. रागाचा शब्द त्यात नव्हता. शाळेत असताना आपण फळा पुसला असे समजून वर्गाबाहेर जात असू, आणि मागच्या बाकावरचा मुलगा म्हणे की, बाई, कालची तारीख अजून दिसते आहे. त्याची आठवण झाली, असे त्यांनी लिहिले होते.

त्या दिवसापासून वाचनालयाच्या दप्तरात एक लहानशी वही आहे. कोणते प्लगइन कधी लावले, त्याने कोणते तक्ते केले, कोणत्या फाइली ठेवल्या आणि ते काढताना काय काय पुसावयाचे, हे त्यात लावतानाच लिहून ठेवतो. मांडव घालतानाच खड्ड्यांची मोजदाद करून ठेवली, म्हणजे तो उतरल्यावर अंगण पूर्ववत होण्यास वेळ लागत नाही.